चौथे ऋण

माणूस जन्माला येतो तो कर्ज घेऊनच, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. देवांचे ऋण यज्ञाने, ऋषींचे अध्ययनाने आणि पितरांचे संततीने फेडायचे, ही तीन ऋणे बहुतेकांना पाठ असतात. मनुस्मृतीतही तीनच येतात. शतपथ ब्राह्मणात मात्र चौथे ऋणही सांगितले आहे. ते माणसांचे ऋण, आणि ते फेडायचे माणसाला आसरा देऊन, जेवू घालून. पुढे परंपरेत हे चौथे ऋण मागे पडले. यज्ञ, पाठांतर आणि वंश यांचा हिशेब शतकानुशतके चोख ठेवला गेला. दारातल्या भुकेल्याचा हिशेब ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडला गेला. आज आरोग्य आणि पोषण या विषयांत विद्यापीठीय संशोधन करणाऱ्यापुढे ऋषींचे आणि माणसांचे अशी दोन ऋणे एकाच वेळी उभी राहतात. अभ्यास करून, निबंध छापून तो पहिले फेडतो. पण त्याच्या अभ्यासाचा विषयच दुसऱ्याची भूक किंवा दुसऱ्याचे आजारपण असेल, तर पहिले ऋण फेडताना दुसरे वाढत जाते. ज्याच्या शरीरातून ज्ञान घेतले त्याचे देणे ते ज्ञान प्रसिद्ध करून फिटत नाही. ते त्यालाच आणि त्याच्याच हयातीत फेडायला हवे, आणि त्याची सोय संशोधनाच्या आखणीतच असायला हवी, असे माझे म्हणणे आहे. त्याला आक्षेप बरेच आहेत आणि त्यांतले काही वजनदार आहेत.

हे हवेत बोलण्यापेक्षा एखादा तालुका समोर ठेवलेला बरा. जालना जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बुलढाण्याच्या हद्दीला लागून जाफराबाद आहे. पूर्णेकाठच्या या गावापासून विद्यापीठे लांब आहेत. मराठवाडा विद्यापीठ १९५८ पासून छत्रपती संभाजीनगरला, कृषी विद्यापीठ १९७२ पासून परभणीला, आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकला. जाफराबादला महाविद्यालय आहे. पण पोषणाचा मोठा अभ्यास निघाला तर तो बाहेरून येणार आणि काम झाले की बाहेर जाणार. कापूस, सोयाबीन, मका आणि ज्वारीच्या या पट्ट्यात अशा अभ्यासाला विषयांची वाण नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. आधीच्या फेरीत हाच आकडा ४८ होता. पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. रक्तक्षय रोखण्यासाठी लोहाच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० सालचा आहे. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ कारण माहीत आहे, औषध माहीत आहे, मोजण्याची रीत माहीत आहे, आणि आकडा खाली यायचा तो वर गेला आहे. मोजणाऱ्याचे देणे काय, हा प्रश्न अशा वेळी चर्चेपुरता राहत नाही.

मोजणे म्हणजे प्रत्यक्षात काय, ते जवळून पाहावे. अंगणवाडीत मूल काट्यावर ठेवतात, मग डाव्या दंडाभोवती पट्टी गुंडाळतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला की पट्टीवर तांबडा रंग दिसतो. आईच्या बोटाला सुई टोचतात, पहिला थेंब कापसाने पुसून दुसरा घेतात. त्यानंतर आहाराची चौकशी: काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्ले? विचारणाऱ्याजवळ मापाच्या वाट्या आणि चमचे असतात. बाई सांगते, सकाळी चहा, दुपारी भाकर आणि ठेचा, रात्री भाकर आणि वरण. भाकर केवढी? वरण किती वाट्या? इथे गाडी अडते, कारण ती सगळ्यांच्या मागून जेवते आणि पातेल्यात उरलेले असते तेवढे घेते. ते वाटीने मोजायची वेळ तिच्यावर कधी आलेली नसते. मग ती आपल्या हाताने पातेल्याची खोली दाखवते, किती उरले होते ते बोटांनी सांगते, आणि त्यावरून विचारणारा वाट्यांचा अंदाज बांधतो. आदल्या दिवशी एकादशी असेल तर तीच सांगते, काल उपास होता, भगर खाल्ली, ते रोजचे धरू नका. हे तिने सांगितले नाही तर कागदावरचा सगळा हिशेब खोटा ठरेल. या बाईने रक्ताच्या थेंबाबरोबर स्वतःच्या जेवणाचा अर्थही दिला, खुरपणीच्या मजुरीचा वेळ मोडून दिला. तिला नमुना म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. त्या ज्ञानाची ती निम्मी कर्ती आहे.

पहिला आक्षेप कायद्याच्या भाषेत येतो. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून माणसांवरच्या संशोधनाला नियम आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. नैतिकता समिती असते. संमतीपत्र मराठीत वाचून दाखवले जाते, सही किंवा अंगठा घेतला जातो, कधीही माघार घेता येईल हे सांगितले जाते. सगळे राजीखुशीने झाले, मग देणे कसले? या आक्षेपात संमती आणि फेड यांची गल्लत आहे. शेत बटाईने देताना मालक दुसऱ्याला आपल्या रानात पाय ठेवू देतो. त्या होकाराने पिकातला त्याचा वाटा बुडत नाही, वाट्याची गोष्ट तिथूनच सुरू होते. संमतीने संशोधकाला आत येण्याचा अधिकार मिळाला. आत आल्यावर जे पिकले त्याचे काय करायचे, याविषयी अंगठा काही बोलत नाही. २०१७ च्या त्या तत्त्वांतही संशोधनाचे फायदे त्यात सामील झालेल्या माणसांपर्यंत आणि समाजापर्यंत पोचावेत अशी अपेक्षा नोंदवलेली आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनाही संमती पुरेशी वाटलेली नाही. पण अपेक्षा आणि बंधन यांत अंतर असते, आणि चौथे ऋण त्या अंतरात नेहमी बुडते.

दुसरा आक्षेप शास्त्राचा आहे आणि तो जास्त कठीण आहे. तुलनेशिवाय सत्य कळत नाही. नवा उपाय एका गटाला द्यायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि फरक मोजायचा. सगळ्यांनाच दिला तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही, आणि न कळल्याने पुढच्या लाखोंचे नुकसान होईल. या आक्षेपाची खरी कसोटी मराठवाड्यातच लागलेली आहे. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया गावांच्या ५२ समूहांत विभागल्या गेल्या. तीन गटांची तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली: विषाणूची चाचणी, पेशींची चाचणी आणि व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा, म्हणजे तपासणी नाही. २००९ साली निष्कर्ष आले. विषाणूची चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे जगाला धाराशिवच्या बायकांमुळे कळले.

त्या चौथ्या गटावरून नंतर बराच वाद झाला. अभ्यासाच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो तो मी हलका मानत नाही. त्या जिल्ह्यात तपासणीची सोय नव्हतीच. अभ्यासाने कोणाच्याही हातातले काही काढून घेतले नाही. उलट तीन गटांना जे कधी मिळाले नसते ते मिळाले. हे सगळे बरोबर आहे. तरी दोन गोष्टी उरतात. पेशींच्या चाचणीने या रोगाचे मृत्यू घटतात हे श्रीमंत देशांत कित्येक दशके दिसत होते. गरीब, लांबच्या खेड्यात एकदाच करता येईल अशी स्वस्त पद्धत कोणती, एवढेच ठाऊक नव्हते, आणि त्याचे उत्तर तीन पद्धती एकमेकींशी ताडूनही शोधता आले असते. त्याला वेळ जास्त लागला असता, आकडे इतके ठसठशीत आले नसते, खर्च वाढला असता. ती किंमत शास्त्राने सोसायची की तपासणीविना राहिलेल्या बायकांनी, हा निवडीचा प्रश्न होता. दुसरी गोष्ट अशी की ‘नेहमीची सेवा’ म्हणजे जिथे काहीच नाही ती स्थिती पावसापाण्यासारखी आपोआप आलेली नसते. ती आपणच न फेडलेल्या देण्यातून तयार झालेली असते. तिलाच आधाररेषा मानून तिथून मोजायला लागणे म्हणजे जुन्या थकबाकीला हिशेबाची सुरुवात समजणे. यातली जास्त दुखणारी बाब नंतरची आहे. निष्कर्ष जगभर गेले, जागतिक आरोग्य संघटनेनेही विषाणूच्या चाचणीलाच पसंती दिली. आणि निष्कर्ष छापून आल्यावर दहा-बारा वर्षांनी झालेल्या राष्ट्रीय पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची कोणतीही तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. ऋषींचे ऋण पुरेपूर फिटले. माणसांचे जिथे होते तिथे आहे.

तुलना आणि माणुसकी यांचे वैर अटळ आहे, असे मात्र यावरून ठरत नाही. जालना जिल्ह्यातल्याच देहेड गावात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे काम इथे आठवावे. कोकणात महाडला त्यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण पाहिले. हृदय ढासळून, फुप्फुसांत पाणी भरून माणसे दगावत होती. रक्तदाबासाठी असलेले प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध इथे उपयोगी पडेल हे त्यांनी हेरले, वापरले, नोंदी ठेवल्या, आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. पुढे विंचवाच्या विषावरचे प्रतिविष उपलब्ध झाले तेव्हा प्रश्न आला: ते दिल्याने आणखी फायदा होतो का? २०११ साली हिंमतराव आणि प्रमोदिनी बावस्कर यांनी या प्रश्नावरची चाचणी प्रसिद्ध केली. रुग्ण ७०, गट दोन. एका गटाला प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण प्रतिविषाच्या गटात ३५ पैकी ३२, दुसऱ्यात ८. जे उपयोगी म्हणून माहीत होते ते सत्तरच्या सत्तर जणांना मिळाले, आणि जे माहीत नव्हते तेवढेच पणाला लागले. ही चाचणी कोण्या बड्या संस्थेच्या प्रयोगशाळेत झालेली नाही, तालुक्याच्या गावात झालेली आहे, हेही मला महत्त्वाचे वाटते. तुलनेचे गणित आणि रुग्णाचे देणे एकाच आखणीत बसवता येते, हे तिथे सिद्ध झाले. त्यातून नियम काढायचा तर असा: अज्ञान खरे असेल तिथे तुलना करावी, ज्ञान असून ते रोखून धरायचे असेल तिथे तुलनेचा आधार घेऊ नये.

पोषणात तर हे आणखी सोपे आहे, कारण तिथे दोन्ही गटांना जेवायचेच असते. ग्रामीण महाराष्ट्रातल्या निवासी शाळांत बारा ते सोळा वर्षांच्या २४६ मुलामुलींवर झालेला बाजरीचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठाबरोबर मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातल्या पोषणतज्ज्ञ त्यात होत्या. एका गटाच्या भाकरी जास्त लोह असलेल्या बाजरीच्या, दुसऱ्याच्या साध्या बाजरीच्या. ताटात भाकरी दोघांच्याही. सुरुवातीला ज्यांच्या अंगात लोह कमी होते त्यांच्यात लोहबाजरी खाणाऱ्यांची कमतरता सहा महिन्यांत दूर होण्याचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या दीडपटीहून अधिक निघाले. पण याहून मोलाची बाब बियाण्याची आहे. धनशक्ती हे लोहयुक्त बाजरीचे वाण महाराष्ट्रात २०१२ सालीच शेतकऱ्यांसाठी आले होते, आणि ते संकरित नाही. सुधारित वाण असल्याने शेतकरी घरचे बी राखून पुन्हा पेरू शकतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ साली परभणी शक्ती ही जास्त लोह आणि जस्त असलेली ज्वारी दिली, तीही याच वाटेने जाणारी आहे. संशोधनाची फेड कोणत्या रूपात करावी याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. गोळी वाटणारा आला नाही की गोळी संपते. बी कणगीत राहते. जालना हे तर बियाण्यांचे गाव, महिको कंपनी इथलीच, १९६४ सालची. जाफराबादच्या शिवारात ज्वारीचे क्षेत्र सोयाबीनने आणि मक्याने खाल्ले असेल, पण भाकर अजून ताटातून गेलेली नाही.

आता तिसरा आक्षेप, आणि तो माझ्या मांडणीच्या मुळावरच आहे. ऋणाची ही भाषा कुठली? ज्या ग्रंथांनी ऋषिऋणाचा, म्हणजे शिकण्याचा अधिकार बहुतेकांना नाकारला त्याच ग्रंथांतली. ज्यांना वेद ऐकण्याचीही मुभा नव्हती त्यांच्या लेकींच्या रक्ताचा विचार करताना शतपथ ब्राह्मण कशाला? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच माझा युक्तिवाद मी त्या ग्रंथाच्या अधिकारावर उभा करत नाही. तीच गोष्ट ऋण हा शब्दही न उच्चारता बौद्ध परंपरेने सांगितली आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी गावची हकीगत येते. एका गरीब शेतकऱ्यासाठी बुद्ध लांबून आळवीला येतात. त्याच दिवशी त्याचा बैल हरवतो, आणि तो शोधता शोधता तो उपाशीपोटी, थकून उशिरा पोचतो. सभा ताटकळलेली असते. बुद्ध धम्म सांगायला सुरुवात करत नाहीत. भिक्षूंचे जेवण होऊन उरलेले अन्न त्याला वाढायला सांगतात, त्याचे पोट भरल्यावर बोलतात. भिक्षूंना ते खटकते, तेव्हा भुकेसारखा दुसरा रोग नाही, असे त्यांना समजावतात. इथे ज्ञान देणारा बुद्ध आहे आणि तरीही क्रम ठरलेला आहे: आधी अन्न. संशोधक तर ज्ञान द्यायला नव्हे, घ्यायला आलेला असतो. त्याला हा क्रम उलटा करण्याची मुभा कुठून मिळणार?

आणि ऋणाची भाषा ज्यांच्या घरची होती त्यांच्यातल्याच एकाने ती आतून उलटवली, तेही मराठवाड्यातच. पैठणला एकनाथांच्या घरी श्राद्ध होते. पितरांसाठी रांधलेल्या अन्नाचा वास रस्त्याने जाणाऱ्या, अस्पृश्य मानलेल्या कुटुंबापर्यंत गेला, त्यांच्या लेकराला भूक लागली, आणि नाथांनी ते अन्न त्यांना वाढले. ब्राह्मण रुसले, मग पितरच जेवायला आले, असे महिपतींच्या संतचरित्रांतून आलेली कथा सांगते. या कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यात एक स्वच्छ निवाडा आहे. पितरांचे ऋण आणि माणसांचे ऋण यांत एकाच वेळी ताट वाढायचे झाले तर ताट माणसाचे, आणि तसे केल्याने पितरांचे काही बुडत नाही. ऋषिऋणालाही हाच न्याय लावला पाहिजे. पाहणीत ज्या बाईचे हिमोग्लोबिन सातच्या खाली निघाले तिला त्याच दिवशी रुग्णालयात पोचवले, तर तक्त्यातली एक ओळ बदलेल आणि टिपेत तशी नोंद करावी लागेल. त्याने ज्ञानाचे काहीही बुडत नाही.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, संशोधन आणि सेवा ही दोन खाती आहेत, ती वेगळीच असू द्या. विद्यापीठाने शोधावे, सरकारने द्यावे. धाराशिवचा अनुभव सांगतो की खाती वेगळी ठेवली की दुसरे उघडतच नाही. याच राज्यातला गडचिरोलीचा अनुभव वेगळा आहे. ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात नवजात मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले होते. तिथेही तुलनेची गावे होती, आणि वर विचारलेला प्रश्न तिथेही विचारता येतो. फरक एवढाच की वैद्यकीय शिक्षण नसलेली गावकरी बाई हे काम सुरक्षितपणे करू शकेल का, हे तेव्हा खरोखर कोणालाच माहीत नव्हते. २०११ पासून ही पद्धत देशभर आशाताईंच्या कामात आली. जाफराबाद तालुक्यातल्या कोणत्याही खेड्यात बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे असते, बाळाचे वजन घ्यायचे असते, अंगाला हात लावून ते गार पडले का पाहायचे असते. गडचिरोलीतून घेतलेले ज्ञान असे पूर्णेकाठी आले. हे ज्ञान परतले आणि धाराशिवचे परतले नाही, याचे कारण माझ्या मते आखणीत आहे. गडचिरोलीत प्रश्नच असा विचारला गेला होता की त्याचे उत्तर गावातल्या हातांनी अमलात येईल. अभ्यास संपला तेव्हा फेड करणारी माणसे तिथे तयार होती. विषाणूच्या चाचणीला प्रयोगशाळा, महागडा संच, पुढचे उपचार लागतात, आणि हे सगळे अभ्यासाबरोबर आले तसे अभ्यासाबरोबर गेले. इतके अवघड काम सरकारशिवाय होत नाही हे खरे. पण मग सरकारचा शब्द आणि पैसा अभ्यास सुरू करण्याच्या अटींत आणणे, हे संशोधकाच्या हातात असते.

नैतिकता समित्यांना उलट दिशेची भीती वाटते. गरिबाला औषध, जेवण किंवा तपासणी देऊ केली की तो लालसेने होकार देतो, मग संमती स्वतंत्र कशी म्हणायची? नव्या, धोक्याच्या औषधाच्या चाचणीत ही भीती रास्त आहे. तिथे पैसे दाखवून शरीर विकत घेतले जाऊ शकते. पण वजन घेणे, रक्ताचा थेंब, आहाराची चौकशी यांत धोका नाममात्र असतो. तिथे रक्तक्षय सापडल्यावर उपचार देणे याला आमिष म्हटले, तर काहीच न देणारा संशोधक सर्वांत शुद्ध ठरेल. हा निष्कर्ष कोणत्याही धर्माला पटण्यासारखा नाही, आणि विवेकालाही नाही.

राहता राहिला लहान माणसाचा प्रश्न. जाफराबादच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने प्रबंधिकेसाठी शेजारच्या गावातल्या शंभरेक बायकांचा आहार नोंदवला, तर तिने काय फेडावे? तिच्याजवळ ना निधी, ना औषध. तरी तिच्याजवळ एक गोष्ट आहे जी बाहेरच्या पथकाजवळ नसते: ती तिथेच राहणार आहे. ज्या बाईचे हिमोग्लोबिन मोजले तिला तो आकडा आणि त्याचा अर्थ सांगणे, कमी असेल तिचे नाव आशाताईच्या वहीत घालणे, निष्कर्ष इंग्रजी प्रबंधिकेत पुरून न टाकता मराठीत दोन पानांवर लिहून ग्रामसभेत वाचणे आणि तिथे आलेले आक्षेप प्रबंधिकेत नोंदवणे, एवढे तिला जमण्यासारखे आहे. परीक्षकांनी त्याला गुण द्यावेत, हे विद्यापीठाला जमण्यासारखे आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ पासून चाललेला माता-पोषणाचा अभ्यास आया, त्यांची मुले आणि त्या मुलांची मुले इथवर आला, तो लोकांनी पुन्हा पुन्हा दार उघडले म्हणून. ज्या गावाला आपला निष्कर्ष कधी ऐकवला गेला नाही ते गाव दुसऱ्यांदा दार कशाला उघडेल?

याहून अवघड प्रसंग दसऱ्यानंतरचा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली बाई दुसऱ्या फेरीच्या मोजणीला गावात नसते. अभ्यासाच्या वहीत तिच्या नावापुढे ‘संपर्क तुटला’ अशी नोंद होते, आणि उरलेल्यांवर हिशेब करण्याची संख्याशास्त्राला मान्य असलेली रीत आहे. त्या रीतीने निष्कर्ष सांभाळले जातात. पण पहिल्या फेरीत तिचे रक्त घेतलेले असते, आणि धनको गावात नाही म्हणून कर्ज माफ होत नाही. अशा तालुक्यात अभ्यास आखणाऱ्याने पहिल्याच दिवशी, सुई टोचल्यावर तिथल्या तिथे, तिच्या हातात मराठीतले कार्ड द्यायला हवे: हिमोग्लोबिन किती, तारीख कोणती, गोळ्या किती दिवस घ्यायच्या, पुढची तपासणी केव्हा. कारखान्याच्या तळाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला ते वाचता आले पाहिजे आणि तिच्याजवळच्या गोळ्या तिथवर पुरल्या पाहिजेत. या कार्डाचा आणि गोळ्यांचा खर्च अंदाजपत्रकात सुया आणि कापसाच्या रकान्याशेजारी मांडलेला नसेल, तर नैतिकता समितीने तो प्रस्ताव परत पाठवावा.